बरगडी कितवी ते बोटाने कसं ओळखायचं, आणि ते जमलं की काय काय जमतं

बारा जोड्या, वरच्या सात खऱ्या, त्याखालच्या तीन खोट्या आणि शेवटच्या दोन तरंगत्या. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेल. पण त्यालाच पेशंटजवळ उभं करून म्हणा, याची पाचवी बरगडी दाखव बरं, की बोट छातीवर भटकायला लागतं. मी नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलामुलींना शिकवते, दर बॅचला हेच बघते, आणि मला मनापासून वाटतं की यातलं थोडं पाठांतर कमी करून तेवढ्या वेळात पोरांना एकमेकांच्या बरगड्या मोजायला बसवलं तर पेशंटचं जास्त भलं होईल. कारण ईसीजीचे इलेक्ट्रोड, छातीतलं पाणी काढायची सुई, आयसीडीची नळी (छातीतली हवा किंवा पाणी बाहेर काढायला बसवतात ती), हृदयाचे आवाज ऐकायच्या जागा, हे सगळं "कितवी बरगडी" यावरच अवलंबून आहे. म्हणून हे सविस्तर लिहितेय. विद्यार्थ्यांसाठी तर आहेच, पण घरात म्हातारी माणसं आणि लहान लेकरं आहेत त्यांनीही वाचा, मुका मार आणि न्यूमोनियाचा भाग खास तुमच्यासाठी आहे.

सुरुवात दुसऱ्या बरगडीपासून

पहिली बरगडी शोधत बसू नका. ती कॉलरबोनच्या मागे दडलेली असते, आखूड, चपटी आणि सगळ्यात जास्त वाकलेली, आणि समोरून ती नीट हाताला लागतच नाही. मोजणी कायम दुसरीपासून.

गळ्याच्या खाली, दोन कॉलरबोनच्या मधे एक खाच असते, तिथे बोट ठेवा. आता छातीच्या मधल्या हाडावरून बोट न उचलता सरळ खाली घसरवत आणा. साधारण चार-पाच सेंटिमीटर खाली आलात की हाडावर एक आडवा उंचवटा लागेल, काहींना तो डोळ्यांनीही दिसतो, काहींना बोट दोन-तीनदा वरखाली फिरवल्यावर लागतो. हा स्टर्नल अँगल, म्हणजे लुईचा कोन. याच पातळीवर बोट बाजूला सरकवलं की जी बरगडी हाताला लागते ती दुसरी. इथे चूक व्हायला वावच नाही, म्हणून सगळं जग इथूनच मोजतं. शिवाय आत याच पातळीला श्वासनलिकेचे दोन फाटे होतात, महाधमनीची कमान इथेच सुरू होते आणि इथेच संपते, आणि मागे चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती येते. एका उंचवट्यावर एवढं सगळं येतं म्हणून परीक्षक तो हमखास विचारतात.

दुसरी सापडली की तिच्या खालच्या मऊ खोलगट जागेत बोट टाका. ही दुसरी जागा, म्हणजे सेकंड इंटरकॉस्टल स्पेस. जागेला नंबर कायम वरच्या बरगडीचा मिळतो, हे डोक्यात पक्कं करा, कारण निम्म्या चुका इथेच होतात. मग एक बोट बरगडीवर, दुसरं जागेत, असं आळीपाळीने खाली उतरा. पण छातीच्या मधल्या हाडाला अगदी चिकटून उतरू नका, खालच्या बरगड्यांच्या कूर्चा, म्हणजे पुढच्या टोकांची मऊ हाडं, तिथे एकमेकींना खेटून येतात आणि पाचवी कुठे संपली, सहावी कुठे सुरू झाली काही कळत नाही. थोडं बाहेर, तिरकं उतरत जा म्हणजे जागा मोकळ्या लागतात. जाड माणसात जरा दाबून आणि सावकाश मोजावं लागतं, घाई केली की एखादी बरगडी सुटतेच. पेशंट बाई असेल तर आधी सांगा, विचारा, पडदा लावा, आणि स्तन बाजूला करायचा तर तळहाताने पकडून नाही, हाताच्या पालथ्या बाजूने हलकेच. हे शिकवावं लागतं, आपोआप येत नाही.

खालून वर मोजायचा मोह होतो, कारण खालची कड चटकन सापडते. नका करू. बारावी बरगडी काही लोकांत इतकी आखूड असते की पाठीच्या स्नायूंखाली लागतच नाही, मग अकरावीला बारावी समजून सगळा हिशोब एकाने चुकतो. पाठीकडून अंदाज हवा असेल तर पेशंटचे हात शरीरालगत खाली सोडायला सांगा, फऱ्याच्या हाडाचं खालचं टोक साधारण सातव्या बरगडीच्या पातळीला येतं. पण हात पुढे घेऊन उशी कवटाळायला लावली की फऱ्याचं हाड सरकतं आणि तो हिशोब बदलतो. आणि छातीतलं पाणी काढताना नेमकं त्याच पोझिशनमधे बसवतात, म्हणून हे लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट, स्तनाग्रावरून चौथी जागा ठरवायची सवय. पुरुषात बऱ्याचदा ते चौथ्या जागेवर असतं हे खरं, पण बायकांत वय, बांधा, बाळंतपणं यानुसार ते कुठेही असू शकतं. त्यावर विसंबू नका.

एक बरगडी हातात घेऊन बघा

कॉलेजच्या बोन सेटमधली तिसरी ते नववी यांतली कुठलीही घ्या, या साधारण एकसारख्या असतात. मागचं टोक म्हणजे डोकं, त्यावर दोन छोटे सपाट भाग, एक आपल्याच नंबरच्या मणक्याला आणि एक त्याच्या वरच्या मणक्याला टेकतो. मग मान, मग एक गाठ, आणि थोडं पुढे आलं की हाड एकदम वळतं, तो अँगल. या अँगलच्या जरा पुढे बरगडी सगळ्यात कच्ची, समोरून दाब आला की तिथेच मोडते. आता आतल्या बाजूने खालच्या कडेवर नख फिरवा, एक लांबलचक पन्हळ लागेल. या पन्हळीत वरून खाली शीर, धमनी आणि मज्जातंतू अशा क्रमाने तिघं जातात. डावी की उजवी ओळखायची तर डोकं मागे, पन्हळ खाली आणि आतल्या बाजूला धरा, झालं.

दहावी, अकरावी, बारावी एकाच मणक्याला टेकतात, आणि अकरावी-बारावीला मान नाही, गाठ नाही, पुढे त्या कशालाच जोडलेल्या नसतात. बायकांना एक बरगडी जास्त असते की पुरुषांना एक कमी, हा प्रश्न अजूनही विचारला जातो, तर दोघांनाही चोवीसच.

ही पन्हळ का महत्त्वाची, तर सुई. छातीतलं पाणी किंवा पू काढायचा तर सुई कायम खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला टेकवून आत घालायची. वरच्या बरगडीच्या खालून घातली तर सरळ त्या तिघांच्या अंगावर जाते, धमनीला लागलं तर छातीत रक्त साठतं, मज्जातंतूला लागलं तर पेशंट किंचाळतो. आधी सुईचं टोक बरगडीच्या हाडाला हलकेच लागू द्यायचं, मग त्याच हाडावरून वर सरकवत कडेवरून आत, असं केलं की अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. मणक्याच्या फार जवळ जायचं नाही, कारण तिथे धमनी पन्हळीत लपलेली नसते, जागेच्या मधूनच जाते, आणि म्हाताऱ्या माणसात ती वेडीवाकडी झालेली असते. निदान चार-पाच बोटं बाहेर राहा. आणि नवव्या बरगडीच्या खाली उतरायचं नाही, तिथे उजवीकडे लिव्हर आणि डावीकडे प्लीहा बसलेले असतात. आता बहुतेक ठिकाणी सोनोग्राफी लावून जागा ठरवतात आणि तेच बरोबर, पण मशीन जागा दाखवतं, कडेवरून सुई घालायचा हात तुमचाच असतो.

फुप्फुस आणि त्याचं आवरण कुठपर्यंत उतरतं याचे आकडे पाठ करण्यासारखे आहेत. फुप्फुस समोर, काखेच्या रेषेत आणि मागे अनुक्रमे सहावी, आठवी, दहावी, आवरण आठवी, दहावी, बारावी. म्हणजे दोन-दोन बरगड्यांचा फरक, आणि पाणी साचतं ते आधी याच फरकाच्या जागेत. मागे आवरण बारावीच्या आतल्या टोकाखालीही थोडं उतरतं, त्यामुळे किडनीचं ऑपरेशन करणारे सर्जन बारावी बरगडीला फार जपून वागवतात.

आयसीडीची नळी घालायची जागा वेगळी. समोर छातीच्या मोठ्या स्नायूची कड, मागे पाठीच्या रुंद स्नायूची कड, खाली पाचव्या जागेची पातळी आणि वर काख, या चौकटीत. हिला सुरक्षित त्रिकोण म्हणतात. अपघातात छातीत हवा दाबून बसली आणि पेशंट गुदमरायला लागला तर मोठ्यांमधे सुई पूर्वी दुसऱ्या जागेत, कॉलरबोनच्या मध्यरेषेत घालायचे. एटीएलएस, म्हणजे अपघातातल्या पेशंटचे उपचार शिकवणाऱ्या कोर्सच्या, २०१८ च्या आवृत्तीपासून मोठ्यांसाठी चौथी किंवा पाचवी जागा, काखेच्या मध्यरेषेच्या जरा पुढे, असं झालं, कारण वर समोर छातीची भिंत जाड असते आणि सुई आत पोचतच नाही. लहान मुलांसाठी दुसरी जागाच राहिली.

ईसीजीत होणारी रोजची चूक

हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचा आहे, कारण हे गावोगावी रोज होतं. व्ही१ आणि व्ही२ हे इलेक्ट्रोड चौथ्या जागेत लावायचे असतात, व्ही१ मधल्या हाडाच्या उजव्या कडेला, व्ही२ डाव्या. पण मोजणी न करता नजरेने लावले की ते हमखास वर जातात, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जागेत. मग कागदावर उजव्या बंडल ब्लॉकसारखी, म्हणजे हृदयातल्या विजेच्या उजव्या वाटेत अडथळा असल्यासारखी, नक्षी उमटते, नाहीतर जुना अटॅक येऊन गेल्यासारखं दिसतं, आणि ठणठणीत माणूस इकोसाठी, पुढच्या तपासण्यांसाठी पळत सुटतो. घरचे रात्रभर झोपत नाहीत.

करायचं एवढंच, लुईचा कोन, दुसरी बरगडी, दुसरी जागा, तिसरी, चौथी. सवय झाली की चटकन होतं. व्ही१ आणि व्ही२ लागले की आधी व्ही४ लावा, पाचवी जागा, डाव्या कॉलरबोनच्या बरोबर मध्यापासून खाली येणाऱ्या रेषेत. कॉलरबोनची दोन्ही टोकं चाचपून मगच मध्य ठरवा, बहुतेक जण तो आतल्या बाजूला धरतात. मग व्ही२ आणि व्ही४ च्या मधोमध व्ही३. व्ही५ आणि व्ही६ हे व्ही४ च्याच आडव्या पातळीत, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेवर. बरगडीची जागा बाजूला वर वळत जाते, तिच्या मागे जाऊ नका, सरळ आडवे राहा. बायकांत स्तन वर उचलून त्याखाली लावायचे.

याच मोजणीवर स्टेथोस्कोपच्या जागा पण येतात, उजवीकडे दुसरी जागा महाधमनीच्या झडपेची, डावीकडे दुसरी फुप्फुस धमनीची, डाव्या कडेला खाली चौथी-पाचवी ट्रायकस्पिडची, आणि डावीकडे पाचवी जागा, कॉलरबोनच्या मध्यरेषेच्या किंचित आत, मायट्रलची, जिथे हृदयाचा ठोका हाताला लागतो. तो ठोका सहाव्या जागेत किंवा बाहेरच्या बाजूला गेला असेल तर हृदय वाढलंय का हे बघायला हवं.

मुका मार लागला तर

बाथरूममधे पाय घसरला, बाईकवरून पडलं, शेतात बैलाने ढुशी दिली, बांधावरून पडलं. जखम दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात मुका मार आहे, हळद लावा, शेक द्या. बरगडीचं फ्रॅक्चर असतं ते बहुतेक वेळा मधल्या चौथी ते नववीत. खोल श्वास घेतला, खोकलं, कूस बदलली की एकाच जागी कळ येते आणि बोटाने ती जागा दाखवता येते. एक्स-रेत बऱ्याचदा हे फ्रॅक्चर दिसतच नाही, विशेषतः चिरलेलं पण न हललेलं, त्यामुळे एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पेशंटला "काही नाही, उगाच करतोय" म्हणणं बरोबर नाही. पहिल्या एक्स-रेचा मुख्य उपयोग आत हवा किंवा रक्त साठलंय का हे बघायला असतो.

इथे पण बरगडी कितवी हे फार महत्त्वाचं. पहिली-दुसरी मोडली असेल तर मार फार जोराचा होता, कारण त्यांना कॉलरबोनचं, खांद्याचं संरक्षण असतं, मग मानेच्या आणि हाताच्या मोठ्या रक्तवाहिन्या तपासायलाच हव्यात. डावीकडे नववी ते बारावी दुखत असेल तर प्लीहा, उजवीकडे असेल तर लिव्हर, मागे अकरावी-बारावीला लागलं तर किडनी. म्हणून खालच्या बरगडीला मार लागलेला माणूस घाम सुटून पांढराफटक पडत असेल, चक्कर येत असेल, पोट दुखत असेल, काही न लागता डावा खांदा दुखायला लागला असेल, लघवी लाल झाली असेल, तर घरी शेक देत बसू नका, १०८ ला फोन करा. दम लागणं, ओठ निळसर होणं, कातडीखाली दाबलं की कुरकुरल्यासारखं लागणं, यालाही तेच.

सलग तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन-दोन जागी मोडल्या तर छातीचा तेवढा तुकडा सुटा होतो आणि उलटा हलतो, श्वास घेताना आत जातो, सोडताना बाहेर येतो. याला फ्लेल चेस्ट म्हणतात. बघायचं तर पेशंटच्या पायाशी उभं राहून, छातीच्या पातळीला नजर आणून बघा, वरून बघून बऱ्याचदा सुटतं.

साधं फ्रॅक्चर असेल तर प्लास्टर नसतं, ते सहा आठवड्यांच्या आसपास आपोआप भरतं. आणि कृपा करून छातीला करकचून पट्टा बांधू नका. पूर्वी बांधायचे, अजून काही हाडवैद्य बांधतात, मेडिकलमधेही पट्टा मिळतो. पट्ट्याने बरं वाटतं कारण छाती हलत नाही, आणि छाती हलत नाही म्हणूनच कफ साठतो, फुप्फुसाचा खालचा भाग बसतो, आणि आठवड्याभरात आजोबा न्यूमोनिया घेऊन ऍडमिट होतात. म्हाताऱ्या माणसात खरा धोका मोडलेल्या हाडापेक्षा या न्यूमोनियाचा, आणि जितक्या जास्त बरगड्या मोडलेल्या तितका तो जास्त.

मग करायचं काय, तर दुखणं नीट कमी करायचं. "सहन करा, किती गोळ्या खाणार" हे इथे चालत नाही, कारण दुखलं की माणूस खोल श्वास घेत नाही आणि खोकत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळच्या वेळी द्या, दुखायची वाट बघू नका. हॉस्पिटलात गरज पडली तर मज्जातंतू बधिर करायचं इंजेक्शनही देतात. खोकताना एक छोटी उशी दुखऱ्या जागेवर छातीशी घट्ट धरायची आणि मग खोकायचं, हे आजीला एकदा करून दाखवा, फरक तिचा तिलाच कळेल. दिवसा टेकून बसवा, चालवा, आडवं पडून ठेवू नका. विडी-सिगारेट पूर्ण बंद.

आणि तीन बॉलचं स्पायरोमीटर, म्हणजे खोल श्वासाचा व्यायाम करायचं यंत्र. हे घेऊन देतात आणि कसं वापरायचं ते कुणी सांगत नाही, वॉर्डात दहातले कितीतरी पेशंट त्यात फुंकताना दिसतात. फुंकायचं नाही, ओढायचं. सरळ बसा, आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, आणि सावकाश आत ओढा, पहिला बॉल वर गेला, मग दुसरा, आणि जमेल तेवढा वेळ तिथेच धरून ठेवा. एकदम जोरात ओढून तिन्ही बॉल उडवायचे आणि लगेच सोडायचे याचा उपयोग नाही, एक-दोन बॉल जास्त वेळ वर राहिलेले बरे. जागे असताना दर तासाला दहा वेळा.

याच्याशीच जोडून एक, सीपीआर (हृदय बंद पडलं की छाती दाबणं) देताना बरगड्या मोडतात, विशेषतः वयस्कर माणसात, आवाज येतो आणि देणारा घाबरून थांबतो. थांबू नका. हात मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर आहेत ना ते बघा, आणि पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने चालू ठेवा. मोडलेली बरगडी भरते.

उलट, तान्ह्या बाळाच्या बरगड्या लवचिक असतात, सहजासहजी मोडत नाहीत. त्यामुळे तान्ह्या बाळाच्या, विशेषतः पाठीकडच्या बरगड्यांची फ्रॅक्चर एक्स-रेत दिसली तर डॉक्टरांनी मारहाणीचा विचार करायलाच हवा, घर कितीही चांगलं दिसत असलं तरी.

श्वास घेताना बरगड्या कशा हलतात

वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या, पुढचं टोक वर उचललं जातं आणि छाती पुढे येते. खालच्या बादलीच्या कडीसारख्या, बाजूने वर-बाहेर जातात आणि छाती रुंद होते. बघायचं तर पेशंटच्या पाठीमागे उभं राहून दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांवर ठेवा, अंगठे मणक्यावर एकमेकांना टेकवा, आणि खोल श्वास घ्यायला सांगा. दोन्ही अंगठे सारखेच लांब गेले पाहिजेत. एक मागे राहिला तर त्या बाजूला पाणी, हवा, न्यूमोनिया, जुना टीबी, काहीतरी आहे.

आता लहान मुलांचं. लेकराला सर्दी-खोकला आहे आणि श्वास जोरात वाटतोय, तर अंगावरचा शर्ट वर करा, मूल शांत असताना, दूध पीत किंवा रडत नसताना, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगवान आहे, दवाखान्यात न्या. मग नजर बरगड्यांच्या खालच्या कडेवर आणा. श्वास आत घेताना पोट वर येतं पण छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का? प्रत्येक श्वासाला जात असेल तर न थांबता न्या, रात्र असली तरी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची छाती मऊ असते म्हणून किंचित आत जाणं चालतं, खोल खड्डा पडत असेल तर नाही.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने याच मोजणीवर काम उभं केलं, आकडे न येणाऱ्या दायांनाही श्वास मोजता यावेत म्हणून मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधं उपकरण बनवलं, आणि गावातच उपचार करून बालमृत्यू कमी झाल्याचा त्यांचा अभ्यास १९९० मधे लॅन्सेटमधे छापून आला. शर्ट वर करून एक मिनिट बघणं एवढ्या साध्या गोष्टीत किती ताकद आहे ते यावरून कळावं.

मुडदूस झालेल्या मुलांत बरगडी आणि कूर्चा जुळतात तिथे दोन्ही बाजूंना मण्यांसारख्या गाठी लागतात. शर्ट वर केलाच आहे तर त्याही चाचपून बघा.

नागीण, उसण आणि छातीतली कळ

पन्हळीतला तो मज्जातंतू आठवतोय ना, नागीण त्याच्याच वाटेने उठते. म्हणून ती पाठीकडून पुढे पट्ट्यासारखी येते आणि मध्यरेषेवर थांबते, कारण डाव्या बाजूच्या तंतूचा इलाका डावीकडेच संपतो. दोन टोकं जुळली की माणूस मरतो असं अजून सांगितलं जातं, तसं काही नसतं, आणि त्या भीतीने माणसं लेप लावत बसतात आणि औषधाची वेळ घालवतात. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत व्हायरसवरचं औषध सुरू झालं तर जास्त फायदा. पुरळ यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसती आग आणि ठणका असतो, त्यामुळे एका बाजूला पट्ट्यात दुखतंय पण दिसत काही नाही असं असेल तर रोज ती जागा उघडून बघा. सातवी ते अकरावीचे तंतू पुढे पोटाच्या भिंतीत जातात, दहावीचा बेंबीपाशी. म्हणून फुप्फुसाच्या खालच्या भागाचा न्यूमोनिया झालेलं मूल कधीकधी पोट दुखतंय म्हणून येतं.

उसण भरणं हे बहुतेक वेळा स्नायूचं किंवा बरगडी-कूर्चाच्या सांध्याचं दुखणं असतं. दुसरी ते पाचवीच्या कूर्चांवर दाबलं की दुखतं, सूज नसते, तो कॉस्टोकॉन्ड्रायटिस. एकाच जागी, बहुधा दुसरी किंवा तिसरीवर, सुजून गाठ आली असेल तर टीट्झ सिंड्रोम, १९२१ मधे वर्णन केलेला. दोन्ही धोक्याचे नाहीत. पण दाबून दुखतंय म्हणजे हार्ट नाही, असं घरच्या घरी ठरवू नका. मधुमेह असलेल्यांत, बायकांत, म्हाताऱ्यांत अटॅक कसाही येतो. चाळिशी ओलांडलेला माणूस, छातीत दडपण, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, तर आधी ईसीजी, उसण नंतर.

वरच्या टोकाच्या दोन गोष्टी

पहिल्या बरगडीवरून हाताची मोठी शीर पुढून, धमनी आणि मज्जातंतूंचा गठ्ठा मागून जातो, मधे एक स्नायू. जागा आधीच अरुंद. त्यात शंभरात एखाद्याला, किंबहुना त्याहूनही कमी लोकांना, मानेच्या सातव्या मणक्यातून एक जास्तीची बरगडी फुटलेली असते. बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. पण लोकलमधे वरचं हँडल धरून उभं राहिलं की करंगळीकडची बाजू बधिर होते, हात गार पडतो, पकड कमी होत चाललीय, असं असेल तर नुसतं मानेच्या व्यायामावर वेळ काढू नका, मानेचा एक्स-रे काढून ही बरगडी आहे का बघायला सांगा.

दुसरी, तरुण माणूस, बीपी जास्त, आणि एक्स-रेत चौथी ते आठवीच्या आसपास बरगड्यांच्या खालच्या कडा कुरतडल्यासारख्या. महाधमनी जन्मतः आखडलेली असली की रक्त बरगड्यांच्या धमन्यांतून वळसा घेतं, त्या फुगून पन्हळ झिजवतात. पहिल्या दोन बरगड्या वाचतात कारण त्यांच्या धमन्या वेगळ्या फांदीवरून, आखडलेल्या जागेच्या वरून येतात. अशा पेशंटची जांघेतली नाडी हाताने बघा, ती मंद आणि उशिरा लागते.

एक्स-रेवर बरगड्या मोजायच्या तर मागच्या भागाने मोजा. मणक्यापासून निघून जवळजवळ आडवा जाणारा तो मागचा भाग, तिरका खाली मधे येणारा तो पुढचा. पुढचा भाग मधल्या हाडापर्यंत पोचलेला दिसत नाही कारण शेवटी कूर्चा असते आणि ती एक्स-रेत उमटत नाही. पेशंटने नीट श्वास घेतला असेल तर छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या वर मागच्या नऊ-दहा किंवा पुढच्या सहाच्या आसपास बरगड्या दिसतात. त्याहून बऱ्याच कमी दिसल्या तर हृदय मोठं आहे, खाली न्यूमोनिया आहे, असं काही लिहायच्या आधी पेशंटला नीट श्वास धरायला लावून तो एक्स-रे पुन्हा काढायला सांगा.